कथा क्रमांक एक्केचाळीस

पन्नासपैकी गुण द्यायचेत, आणि चार ओळींचा शेरा.
जेलरोडच्या वाचनालयात पंखा एकच,
तोही भालेराव सरांच्या बाजूला.
सर म्हणाले, ही कथाच नाही हो मॅडम.
कथा राहिली घरी, नुसतं शुद्धिपत्र आलंय पाकिटात.

खरंय. सात फुलस्केप, एका बाजूला लिहिलेले.
अपेक्षा गायधनी, वय सतरा, मुक्काम पळसे.
मूळ गोष्ट कुठेच नाही.
फक्त चुका, आणि त्यांच्या जागी काय वाचावे ते :

पान २, ओळ ९ : 'तिचे घर' असे छापले आहे.
'मामांचे घर' असे वाचावे.

पान ५, ओळ १ : 'पप्पा कामाला गेले' यातील 'कामाला' गाळावे.
पुढील पाने वाचकांनी आपापली दुरुस्त करून घ्यावीत.

पान ११ : 'पोट दुखतंय' हे वाक्य रद्द.
मुलीने वर्गात असे काही सांगितलेले नाही.

पान १४ : 'तिची तिची मैत्रीण रुख्सार'. एक 'तिची' जास्त आहे.

पान १९ : उरलेली 'तिची'ही काढावी.

इथे मी चष्मा काढून ठेवला.

एकतीस वर्षं मी प्रेसमध्ये नोटांची शीटं तपासली.
उजेडाखाली धरायचं, डोळा फिरवायचा
वाफ्यातून पाणी फिरवावं तसा, कोपरा न सोडता.
शाई पसरली, आकडा सरकला, कडेला केसाएवढी रेघ :
शीट बाजूला.
चूक कशी झाली, हे विचारणं माझं काम नव्हतं.
संध्याकाळी गेटवर झडती. डबा उघडा, पर्स उघडा, हात वर.
चांगली नोट तर सोडाच,
एक चूकसुद्धा घरी नेता आली नाही कधी.

सगळंच जमलंय असं नाही.
सतराव्या-अठराव्या पानाच्या नोंदी नटव्या आहेत,
'चंद्र' ऐवजी 'बल्ब' वाचावे वगैरे.
कुणी छान म्हटलं असेल, तिनं ठेवून दिलं.
मामी दोन नोंदींत उरकलीय,
आणि ती बाई दोन नोंदींत मावणारी वाटत नाही.
पण उसाच्या ट्रॉलीला एका हातानं धरून
सायकलवर शाळेत जाण्याची नोंद,
'भीती' ऐवजी 'वारा' वाचावे,
ती मी तीनदा वाचली.

मथळ्यात 'शुद्धीपत्र'. धी दीर्घ.
सरांनी लाल पेनानं गोल केला, दोन गुण कापले.
मी म्हटलं, मुद्दाम असेल.
सर म्हणाले, मुद्दाम म्हणून कुणी पास होत नसतं.
त्यांनी पंख्याचं तोंड जरा माझ्याकडे वळवलं.
मला खरंच ठरवता येईना.
आयुष्यात पहिल्यांदा एखादं शीट
हातात धरून नुसती बसले.

शेवटची नोंद :
पान २६ : 'ती' ऐवजी सर्वत्र 'मी' वाचावे.
मागच्या पानांवरसुद्धा.

मग मागे जावंच लागलं.
पान अकरावर आले. तिथे आता
मी वर्गात असे काही सांगितलेले नाही.
आणि आमच्या देवळालीच्या शाळेतला तिसरा बाक,
फ्रॉकवरून ओढून घेतलेला स्वेटर, मे महिन्यात.

चव्वेचाळीस दिले.
शेऱ्यात लिहिलं : मामी अजून हवी.
मूळ प्रत मिळाल्यास वाचायला आवडेल.
सर हसले. हसू देत.

नियम सहा : हस्तलिखिते परत मिळणार नाहीत.
बाकीची चाळीस सुतळीनं बांधली.
ही सात पानं घडी करून
पाकिटाच्या, रुमालाच्या, गोळ्यांच्या स्ट्रिपच्या खाली ठेवली
आणि दारात आल्यावर सवयीनं
हात थोडे वर गेले.

दारात कुणी नव्हतं.
चप्पल शोधत होते तर सरांनी आतून विचारलं,
मॅडम, एक्केचाळीस होत्या ना?
बिटको चौकापर्यंत चालत गेले, रिक्षा होत्या तरी.